लहान आतड्यातील गाठी आणि निदानाचा मार्ग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘निदानाचा मार्ग’ म्हणजे नेमके काय?

गाठीचे नाव कागदावर उमटण्यापूर्वी रुग्ण कोणकोणत्या दारांतून गेला, त्याला येथे निदानाचा मार्ग म्हटले आहे. एखाद्याला फॅमिली डॉक्टरांनी वेळेत पोटविकारतज्ज्ञाकडे पाठवलेले असते. एखाद्याचा सीटी स्कॅन मूतखड्यासाठी काढलेला असतो आणि त्यात आतड्याची गाठ दिसते. एखादी व्यक्ती घराण्यातील आनुवंशिक आजारामुळे ठरावीक वर्षांनी तपासणी करून घेत असते. आणि एखाद्याला आतडे पूर्ण अडकल्यामुळे रात्री रुग्णालयात आणून पहाटे शस्त्रक्रियेसाठी घ्यावे लागते. गाठ चौघांचीही लहान आतड्यातच असते, परंतु पुढची वाटचाल चौघांची चार तऱ्हांची होते.

या गोष्टीची पद्धतशीर मोजणी इंग्लंडमध्ये झाली. तेथील कर्करोग नोंदणी आणि रुग्णालयांच्या नोंदी एकमेकींना जोडून प्रत्येक रुग्णाचे निदान आठ मार्गांपैकी कोणत्या मार्गाने झाले हे ठरवण्यात आले. २००६ ते २००८ या काळातील सात लाखांहून अधिक गाठींचा हा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सर्व कर्करोगांचा एकत्र विचार करता जवळपास एक चतुर्थांश रुग्णांचे निदान तातडीच्या मार्गाने झाल्याचे दिसले, आणि या रुग्णांपैकी एक वर्षानंतर हयात असलेल्यांचे प्रमाण इतर मार्गांच्या तुलनेत स्पष्टपणे कमी होते. लहान आतड्याच्या कर्करोगात तातडीच्या मार्गाचा वाटा एकंदर सरासरीपेक्षा बराच मोठा असतो.

लहान आतड्याच्या बाबतीत हा प्रश्न इतका महत्त्वाचा का ठरतो?

कारण या अवयवापर्यंत पोहोचणेच अवघड आहे. तोंडावाटे घातलेली नेहमीची दुर्बीण जठर ओलांडून आद्यांत्राच्या, म्हणजे ड्युओडेनमच्या, दुसऱ्या भागाच्या आसपास थांबते. गुदद्वारावाटे घातलेली दुर्बीण संपूर्ण मोठे आतडे पार करून शेषांत्राच्या, म्हणजे इलियमच्या, शेवटच्या काही सेंटिमीटरपर्यंत जाऊ शकते. या दोहोंच्या मधला काही मीटर लांबीचा वेटोळ्यांचा भाग नेहमीच्या तपासण्यांत कोणाच्याही नजरेस पडत नाही. सोनोग्राफीत आतड्यातील वायू आड येतो आणि लहान गाठ सहज निसटते.

शिवाय लहान आतड्यातील अन्नरस पातळ असतो आणि आतड्याची भिंत ताणली जाऊ शकते, त्यामुळे पोकळी बरीच अरुंद होईपर्यंत अन्न पुढे सरकत राहते. जेवणानंतर तास-दोन तासांनी बेंबीभोवती पीळ पडल्यासारखे दुखते, पोटात गुडगुड होते, एखादी उलटी होते आणि सगळे आपोआप शांत होते. अशा दुखण्याला आपल्याकडे ‘गॅस’ हे नाव तयारच असते. पचनमार्गाच्या एकूण लांबीचा बहुतांश भाग लहान आतड्याने व्यापलेला असूनही पचनमार्गाच्या कर्करोगांत त्याचा वाटा जेमतेम तीन टक्के आहे. या दुर्मिळतेमुळेही डॉक्टरांच्या मनात तो विचार उशिरा येतो, आणि त्यात त्यांचा फारसा दोष काढता येणार नाही.

लहान आतड्यातील सर्व गाठी एकाच जातीच्या असतात का?

नाही, आणि मार्गाचा परिणाम समजून घेताना ही बाब विसरल्यास गोंधळ होतो. घातक गाठींचे प्रमुख प्रकार चार आहेत: आतड्याच्या आतील अस्तरातून उद्भवणारा ॲडेनोकार्सिनोमा, संप्रेरके स्रवू शकणाऱ्या पेशींतून होणारी न्यूरोएंडोक्राइन गाठ, भिंतीच्या स्नायूथरात वाढणारी जिस्ट आणि लसिका पेशींचा लिम्फोमा. ॲडेनोकार्सिनोमा निम्म्याहून अधिक वेळा आद्यांत्रात असतो, तर न्यूरोएंडोक्राइन गाठी बहुधा शेषांत्रात आढळतात. अमेरिकेत २००० सालाच्या सुमारास न्यूरोएंडोक्राइन गाठींच्या नोंदी ॲडेनोकार्सिनोमापेक्षा अधिक होऊ लागल्या.

या चारही गाठींचा स्वभाव वेगळा आहे. न्यूरोएंडोक्राइन गाठ यकृतात पसरल्यानंतरही रुग्ण अनेक वर्षे जगू शकतो. ॲडेनोकार्सिनोमाच्या बाबतीत मात्र १९८५ ते १९९५ या काळातील सुमारे पाच हजार अमेरिकी रुग्णांच्या नोंदींत पाच वर्षांची जगण्याची शक्यता जेमतेम तीस टक्के होती. म्हणून ‘लहान आतड्याचा कर्करोग’ एवढ्याच नावाखाली इंटरनेटवर दिसणारा कोणताही एकच आकडा आपल्या रुग्णाला लावू नये.

तातडीने दाखल झालेल्या रुग्णांचे परिणाम वाईट का येतात?

याचे पहिले कारण सर्वांच्या लक्षात येते: आतडे अडकेपर्यंत, फाटेपर्यंत किंवा त्यातून मोठा रक्तस्राव होईपर्यंत गाठ बहुधा वाढलेली असते. दुसरे कारण शरीराच्या अवस्थेचे आहे. उलट्यांनी पाणी आणि क्षार कमी झालेले असतात, कित्येक आठवड्यांच्या अर्धपोटी राहण्याने वजन घटलेले असते, आतडे फाटले असेल तर पोटात जंतुसंसर्ग पसरलेला असतो. अशा शरीरावर केलेली शस्त्रक्रिया आणि आठ-पंधरा दिवस तयारी करून केलेली तीच शस्त्रक्रिया यांच्या धोक्यात मोठे अंतर असते.

तिसऱ्या कारणाची चर्चा नातेवाइकांशी क्वचितच होते, परंतु माझ्या मते दीर्घकालीन परिणामासाठी ते सर्वांत महत्त्वाचे आहे. तातडीच्या शस्त्रक्रियेत शल्यविशारदाचे पहिले उद्दिष्ट जीव वाचवणे हे असते आणि ते तसेच असायला हवे. पण आपण नेमक्या कोणत्या गाठीवर शस्त्रक्रिया करत आहोत हे त्याला त्या वेळी ठाऊक नसते, आणि गाठीच्या जातीनुसार योग्य शस्त्रक्रिया बदलते. ॲडेनोकार्सिनोमात आतड्याच्या तुकड्याबरोबर आंत्रपटलातील, म्हणजे आतड्याला धरून ठेवणाऱ्या पडद्यातील, लसिका ग्रंथींचा (लिम्फ नोडचा) पुरेसा भाग काढावा लागतो. मध्यांत्र, म्हणजे जेजुनम, आणि शेषांत्रातील गाठींसाठी किमान आठ ग्रंथी तपासल्या जाव्यात असे मानले जाते, कारण त्याहून कमी ग्रंथी मिळाल्यास आजाराचा टप्पा प्रत्यक्षापेक्षा कमी लावला जाण्याची शक्यता असते. जिस्टमध्ये लसिका ग्रंथी काढण्याची सहसा गरज नसते, मात्र गाठीचे आवरण फुटू न देणे अत्यावश्यक असते. ती पोटात फुटली की आजार उलटण्याचा धोका एकदम वरच्या श्रेणीत जातो. न्यूरोएंडोक्राइन गाठी तर बऱ्याचदा एकाहून अधिक असतात, काही केवळ काही मिलिमीटरच्या असतात, आणि त्या शोधण्यासाठी संपूर्ण लहान आतडे बोटांखालून सावकाश फिरवून पाहावे लागते. फुगलेल्या, सुजलेल्या आतड्यावर रात्री तीन वाजता हे करणे अनुभवी हातांनाही कठीण जाते.

न्यूरोएंडोक्राइन गाठीचे निदान आधी झालेले असेल तर भूल देण्यापूर्वी ऑक्ट्रिओटाइड या औषधाची तयारी ठेवता येते, कारण गाठीतून एकाएकी बाहेर पडणाऱ्या द्रव्यांमुळे शस्त्रक्रियेदरम्यान रक्तदाब धोकादायक रीतीने खाली-वर होऊ शकतो. निदान नसेल तर भूलतज्ज्ञाला तो धोका टेबलावरच कळतो.

मग हा फरक मार्गामुळे पडतो की मुळात आजारच तसा असतो?

दोन्हींमुळे, आणि त्यांची नेमकी वाटणी करणे कठीण आहे. वेगाने वाढणारी गाठ आतडे लवकर अडवते, म्हणजे तिचा आक्रमक स्वभावच रुग्णाला तातडीच्या दाराशी नेतो. तातडीने येणाऱ्यांत वयोवृद्ध आणि इतर आजार असलेले रुग्णही अधिक असतात. याउलट योगायोगाने सापडणाऱ्या गाठींत संथ वाढणाऱ्या गाठींचे प्रमाण जास्त असते, कारण जी गाठ वर्षानुवर्षे गुपचूप बसून राहते ती दुसऱ्याच कारणासाठी काढलेल्या स्कॅनमध्ये दिसण्याची संधीही अधिक असते.

आणखी एक फसवी बाब घड्याळाची आहे. दोन रुग्णांचा मृत्यू एकाच वयात होणार असे समजू; त्यांपैकी एकाचे निदान चार वर्षे आधी झाले, तर कागदावर तो ‘निदानानंतर चार वर्षे अधिक’ जगलेला दिसेल, प्रत्यक्षात त्याच्या आयुष्यात एका दिवसाचीही भर पडलेली नसेल. म्हणून लवकर निदान झालेल्यांचे आकडे चांगले दिसतात, एवढ्यावरून तो सारा फायदा लवकर झालेल्या निदानाचा आहे असे म्हणता येत नाही.

तरीही अनेक कर्करोगांच्या अभ्यासांत वय आणि आजाराचा टप्पा विचारात घेतल्यावरही तातडीच्या मार्गाचा तोटा पूर्णपणे नाहीसा झालेला नाही. मागच्या उत्तरातील ग्रंथींची संख्या, गाठ फुटणे आणि अर्धवट राहिलेली शस्त्रक्रिया या बाबी पाहिल्या की तसे का व्हावे हे समजते.

गॅस्ट्रोस्कोपी आणि कोलोनोस्कोपी दोन्ही नॉर्मल आल्या, तरी हिमोग्लोबिन पुन्हा पुन्हा कमी होते. आता काय?

मार्ग बदलण्याची सर्वांत मोठी संधी येथेच असते. ‘दोन्ही दुर्बिणी नॉर्मल’ या वाक्याचा अर्थ पचनमार्ग नॉर्मल आहे असा होत नाही. त्याची दोन टोके नॉर्मल आहेत, एवढाच होतो. लोहाची कमतरता लोहाच्या गोळ्यांनी किंवा शिरेतून दिलेल्या लोहाने भरून निघते, तीन महिन्यांनी पुन्हा खाली येते, पुन्हा भरली जाते, आणि या चक्रात एखादे वर्ष सहज निघून जाते. पुरुषांत आणि मासिक पाळी थांबलेल्या स्त्रियांत लोहाच्या कमतरतेचा रक्तक्षय हे स्वतःच रक्त कोठून जाते याचा शोध घेण्याचे पुरेसे कारण आहे. पाळी चालू असलेल्या स्त्रियांच्या बाबतीत दोष पाळीवर टाकून मोकळे होण्याची सवय इतकी रुळलेली आहे की पाळीत फारसा रक्तस्राव नसतानाही ती टिकून राहते.

अशा वेळी डॉक्टरांना थेट विचारावे: आद्यांत्राचा तिसरा-चौथा भाग पाहिला गेला होता का? कोलोनोस्कोपीत दुर्बीण शेषांत्रात नेली होती का? आणि आता लहान आतड्याची तपासणी कोणत्या पद्धतीने करणार? कित्येकदा पहिल्या तपासणीतून निसटलेले कारण वरची दुर्बीण पुन्हा घातल्यावर सापडते, त्यामुळे तीच तपासणी पुन्हा सुचवली गेली तर ती उधळपट्टी समजू नये.

कॅप्सूल एंडोस्कोपी करावी की सीटी एंटेरोग्राफी?

कॅप्सूल म्हणजे साधारण अडीच सेंटिमीटर लांबीचा, गिळायचा कॅमेरा. इस्राएलचे अभियंते गॅव्रिएल इद्दान यांच्या कल्पनेतून तो तयार झाला आणि २००१ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. त्याच सुमारास जपानमध्ये हिरोनोरी यामामोतो यांनी दोन फुग्यांच्या साहाय्याने लहान आतड्यात खोलवर जाणारी दुर्बीण विकसित केली, जिच्यातून बायोप्सीही घेता येते. त्याआधी आतड्याच्या या मधल्या भागासाठी मुख्यतः बेरियमचे एक्स-रे किंवा थेट पोट उघडून पाहणे यांवरच भिस्त असे.

रक्तस्रावाचे कारण शोधायचे असेल आणि आतडे अरुंद झाल्याची लक्षणे नसतील, तर कॅप्सूल उपयुक्त ठरते. मात्र ती अस्तर पाहते; भिंतीच्या आत किंवा बाहेरच्या अंगाने वाढणारी जिस्ट तिला चकवू शकते, आणि आद्यांत्रातून ती इतक्या वेगाने पुढे जाते की तेथील गाठही सुटू शकते. पीळ पडल्यासारखी वेदना, पोट फुगणे किंवा उलट्या होत असतील तर आधी सीटी किंवा एमआर एंटेरोग्राफी, म्हणजे आतडे द्रवाने भरून काढलेल्या स्कॅनची तपासणी, करावी. अरुंद जागी कॅप्सूल अडकली तर ती काढण्यासाठी शस्त्रक्रिया करावी लागू शकते, म्हणजे तपासणीच रुग्णाला तातडीच्या मार्गावर ढकलते. एक तपासणी नॉर्मल येऊनही लक्षणे कायम असतील तर दुसरी करणे रास्त आहे.

अनेक वर्षे ‘आयबीएस’ (इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, आतड्याच्या कामकाजातील बिघाड) म्हणून उपचार चालू आहेत. त्यामागे गाठ असू शकते का?

बहुसंख्य लोकांत नसते, हे आधी स्पष्ट केले पाहिजे. परंतु न्यूरोएंडोक्राइन गाठींच्या रुग्णांच्या इतिहासात हे लेबल वारंवार आढळते. वेगवेगळ्या देशांतील अशा रुग्णांच्या एका मोठ्या सर्वेक्षणात पहिल्या लक्षणापासून निदानापर्यंत सरासरी चार वर्षांहून अधिक काळ गेल्याचे दिसले होते. रात्री झोपेतून उठवणारे पातळ जुलाब, विनाकारण घटणारे वजन, रक्तक्षय, किंवा जुलाबांबरोबर चेहरा व मान एकाएकी लाल होऊन गरम वाफा आल्यासारखे वाटणे ही लक्षणे आयबीएसच्या चौकटीत बसत नाहीत. पन्नाशीच्या स्त्रीच्या चेहऱ्यावरील लाली रजोनिवृत्तीच्या नावे जमा होते आणि तपास तेथेच थांबतो.

चेहरा लाल होणे आणि जुलाब ही जोडी दिसू लागेपर्यंत गाठ बहुधा यकृतात पोहोचलेली असते, कारण एरवी निरोगी यकृत आतड्यातून आलेल्या या द्रव्यांना निष्प्रभ करते. चोवीस तासांच्या लघवीतील ५-एचआयएए (या गाठींतून निघणाऱ्या सेरोटोनिनचा अवशेष) या तपासणीच्या आधी काही दिवस केळी, अननस, टोमॅटो, अक्रोड टाळावे लागतात. रक्तातील क्रोमोग्रॅनिन-ए हे या गाठींचे सूचक प्रथिन ॲसिडिटीच्या नेहमीच्या गोळ्यांमुळेही वाढलेले दिसते, आणि आपल्याकडे या गोळ्या न घेणारा पोटाचा रुग्ण शोधूनच काढावा लागेल. म्हणून गोळ्या चालू असल्याचे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. संशय बळावल्यास गॅलियम हे किरणोत्सारी द्रव्य वापरून केलेला डोटा पेट स्कॅन या गाठी नेहमीच्या पेट स्कॅनपेक्षा बऱ्याचदा अधिक स्पष्ट दाखवतो.

आतड्याच्या टीबीची औषधे सुरू केली आहेत, पण टीबी सिद्ध झालेला नाही. ही चिंतेची बाब आहे का?

हा प्रश्न इंग्लंड-अमेरिकेच्या आकडेवारीत जवळजवळ दिसत नाही. महाराष्ट्रात मात्र तो रोजचा आहे. लहान आणि मोठ्या आतड्याच्या सांध्यापाशी होणारा टीबी, क्रोन्स आजार (आतड्याचा दीर्घकाळचा दाह), लिम्फोमा आणि ॲडेनोकार्सिनोमा सीटी स्कॅनवर एकमेकांसारखे दिसू शकतात. बायोप्सीत टीबीचा पुरावा अनेकदा मिळत नाही, म्हणून केवळ दाट संशयावर औषधे सुरू केली जातात. जेथे टीबी इतका पसरलेला आहे तेथे हा निर्णय गैर नाही. अडचण उद्भवते ती औषधे चालू करून सहा महिने कोणी मागे वळून पाहिले नाही तर.

आतड्याचा टीबी असेल तर पहिल्या दोन महिन्यांत ताप, भूक आणि वजन यांत सुधारणा दिसू लागते, आणि पुन्हा दुर्बीण घातली तर व्रण भरत आलेले दिसतात. तसे होत नसेल तर निदानाचा फेरविचार करून पुन्हा बायोप्सी घेणे आवश्यक असते. येथे एक सूक्ष्म भेद आहे: टीबी बरा होतानाही व्रणाच्या जागी आतडे आकसून अडथळा कायम राहू शकतो, त्यामुळे केवळ पोट दुखत राहिले म्हणून टीबीचे निदान चुकले असे होत नाही. दुसरी सावधगिरी स्टेरॉइडबाबत बाळगावी. लिम्फोमाची शंका असताना बायोप्सीपूर्वी स्टेरॉइड दिल्यास गाठ तात्पुरती आक्रसते आणि निदानच पुसट होते.

दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या तपासणीत गाठ दिसली, त्रास मात्र काहीच नाही. थांबून पाहिले तर चालेल का?

ते गाठीच्या जातीवर अवलंबून आहे. चरबीची साधी गाठ सीटीवर तिच्या घनतेवरून ओळखता येते आणि त्रास नसेल तर बहुधा तशीच ठेवता येते. शेषांत्रातील न्यूरोएंडोक्राइन गाठ मात्र एक सेंटिमीटरची असली तरी लसिका ग्रंथींत पोहोचलेली असू शकते, तेथे आकाराच्या लहानपणावर विसंबू नये. शांतपणे, पूर्ण तपासण्यांनिशी आणि योग्य केंद्रात शस्त्रक्रियेची तारीख ठरवता येणे हा या मार्गाचा खरा लाभ आहे. ‘दिवाळी झाल्यावर बघू’ असे दोनदा झाले की तो हातचा जातो.

मोठ्या आतड्याप्रमाणे यासाठी सर्वांची नियमित चाचणी का केली जात नाही?

आजार इतका विरळ आहे की हजारो निरोगी लोकांना तपासून हाती फारच थोडे लागेल. अपवाद ठरावीक घराण्यांचा. एफएपी, म्हणजे आतड्यात असंख्य पॉलिप (अस्तरावरील कोंबासारख्या गाठी) होण्याचा आनुवंशिक आजार, असलेल्यांत आद्यांत्राची दुर्बिणीने नियमित पाहणी होते. पॉइट्झ-जेगर्स या आजारात ओठांवर लहानपणापासून गडद ठिपके असतात. त्या मुलांचे लहान आतडे साधारण आठव्या वर्षापासून तपासले जाते, कारण पॉलिपमुळे आतड्यात आतडे शिरून अडकण्याचा धोका असतो. लिंच सिंड्रोम (कर्करोगाचा धोका वाढवणारा आनुवंशिक आजार), दीर्घकाळचा क्रोन्स आजार आणि सीलियाक आजार (गव्हातील ग्लुटेन न सोसणे) यांतही धोका वाढलेला असतो आणि तेथे नव्या लक्षणांकडे डोळेझाक करू नये.

महाराष्ट्रातील नोंदणीत हा मार्ग नोंदला जातो का?

मुंबईची कर्करोग नोंदणी १९६३ पासूनची आहे आणि बार्शीची ग्रामीण नोंदणी १९८७ पासूनची. निदान बायोप्सीवर आधारित आहे की केवळ स्कॅनवर, हे अशा नोंदणींत लिहिले जाते. परंतु तो निदानाचा आधार झाला. रुग्ण बाह्यरुग्ण विभागातून आला की तातडीच्या विभागातून, ही बाब वेगळी आहे आणि ती रुग्णालयाच्या केस पेपरवरच सापडते.

आमच्या रुग्णाची तातडीची शस्त्रक्रिया झाली आणि नंतर अहवालात कर्करोग निघाला. आता हातात काय उरते?

बरेच काही. मार्ग वाईट होता म्हणून परिणाम वाईटच येईल, असे कोणत्याही एका रुग्णाबाबत सांगता येत नाही. सर्वप्रथम शस्त्रक्रियेची सविस्तर टिपणी मागून घ्यावी, केवळ डिस्चार्ज कार्डावर समाधान मानू नये. गाठ फुटली होती का, उरलेले आतडे हाताने तपासले होते का, आंत्रपटलात काही मागे ठेवावे लागले का, यांची उत्तरे त्या टिपणीतच मिळतात. पॅथॉलॉजीच्या अहवालात किती लसिका ग्रंथी तपासल्या आणि किती बाधित होत्या, कापलेल्या कडा गाठीपासून मोकळ्या आहेत का, जिस्ट असल्यास पेशीविभाजनाची संख्या, न्यूरोएंडोक्राइन असल्यास केआय-६७ चा टक्का (गाठ किती वेगाने वाढते याचे माप) आणि ॲडेनोकार्सिनोमा असल्यास एमएसआय किंवा एमएमआर (डीएनए दुरुस्तीतील दोष शोधणारी) तपासणी हे सर्व असावे. नसेल तर गाठीचे तुकडे जपलेले मेणाचे ब्लॉक आणि स्लाइड घेऊन कर्करोग रुग्णालयात दुसरे मत घेता येते. ब्लॉक वर्षानुवर्षे टिकतात आणि जपून ठेवावेत.

पुढचे उपचार यावरून ठरतात. ॲडेनोकार्सिनोमात ग्रंथी बाधित असल्यास सहसा केमोथेरपी सुचवली जाते. धोक्याच्या वरच्या श्रेणीतील जिस्टसाठी शस्त्रक्रियेनंतर किमान तीन वर्षे इमॅटिनिब हे औषध देतात. त्याची जेनेरिक आवृत्ती भारतात अनेक वर्षांपासून उपलब्ध आहे. न्यूरोएंडोक्राइन गाठीत डोटा पेट स्कॅनवर काही मागे उरल्याचे दिसले, तर तयारीनिशी दुसरी शस्त्रक्रिया करण्याचा विचार होऊ शकतो, आणि पसरलेल्या आजारावर ल्युटेशियम या किरणोत्सारी द्रव्याचे उपचार मुंबईत परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरसारख्या ठिकाणी दिले जातात. जखम भरून रुग्ण जेवू लागला की साधारण दोन-तीन आठवड्यांत कर्करोगतज्ज्ञांची पहिली भेट व्हावी अशी व्यवस्था करावी, कारण शस्त्रक्रियेनंतरची केमोथेरपी द्यायची असेल तर ती फार लांबवून चालत नाही, आणि बायोप्सीचा पूर्ण अहवाल हाती यायलाही तेवढा वेळ लागतोच.